एकच मेकअप ब्रश घ्यायचा तर कोणता? आणि धुवायचा कसा?

सोनटक्का · १४ जुलै, ११:२०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं माझा मेकअप म्हणजे बोटानं क्रीम, बोटानं पावडर आणि फारच हौस आली तर लिपस्टिकचं बोट गालावर. वय ४७. डिसेंबरात भाच्याचं लग्न आहे. धाकट्या भाचीनं फाउंडेशनची बाटली हातात ठेवली आणि वर ताकीद, "मावशी, हे बोटांनी थापायचं नाही हं."

मग कशानं? नेटवर शोधलं तर २४ ब्रशांचा संच ४९९ रुपयांत. मागवला. त्यातले निम्मे कशाचे ते अजून कळलेलं नाही, एक तर थेट पोळीला तूप लावायच्या ब्रशासारखा दिसतो. पहिल्याच दिवशी गालावर चार केस चिकटले. धुवायला घेतला तर डोकं दांडीतून सुटून बेसिनमध्ये. परत करायला गेले तर "वापरलेली वस्तू परत घेत नाही." बरोबरच आहे म्हणा, पण वापरल्याशिवाय कळणार कसं?

तर प्रश्न असा: फाउंडेशन, ब्लश, पावडर सगळ्याला चालेल असा एकच बरा ब्रश असतो का? असेल तर ओळखायचा कसा, लावायचा कसा आणि धुवायचा कसा? मला ब्रशांचं दुकान मांडायचं नाहीये.

कोथिंबीरवडी · १४ जुलै, ११:४८

असतो की. मी सहा वर्षं एकावर भागवतेय. मध्यम आकाराचा, दाट केसांचा, वरून घुमटासारखा गोल. दुकानात 'बफिंग ब्रश' म्हणून माग. डोकं दहाच्या नाण्याएवढं, फार तर किंचित मोठं. त्याहून मोठा घेतलास तर नाकाच्या बाजूला आणि डोळ्यांखाली शिरत नाही, लहान घेतलास तर कपाळ रंगवता रंगवता वऱ्हाड निघून जाईल.

झाकली_मूठ · १४ जुलै, १२:०५

पुरुष आयडी, रोमातून (इतके दिवस नुसतंच वाचत होतो) बाहेर येतोय. घरात दाढीचा ब्रश आहे. घुमटासारखा, दाट, मध्यम. चालेल का? (दिवा घ्या, गंमत करतोय.)

कोथिंबीरवडी · १४ जुलै, १२:०९

झामू, हसून हसून पुरेवाट. साबणाचा फेस धरायला केलेला असतो तो, फाउंडेशन सगळं पिऊन टाकेल. बायकोला विचारून बघा आणि काय झालं ते इथे लिहा.

पडद्यामागे · १४ जुलै, १५:३२

मी १८ वर्षं नाटकांना रंगभूषा करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी केस. नैसर्गिक म्हणजे बहुतेक बकरीचे, महागड्यात खारीचे. कृत्रिम म्हणजे नायलॉन किंवा पॉलिएस्टर. आपल्या केसावर जशी खवल्यांची बारीक साल असते तशी प्राण्याच्या केसावरही असते. पावडर तिच्यात अडकून राहते आणि गालावर थोडी थोडी सुटते, म्हणून कोरड्या कामाला तो केस गोड. पण पातळ फाउंडेशनही तो तसंच पितो, आणि धुताना लवकर सोडत नाही. कृत्रिम धागा गुळगुळीत असतो. पातळ पदार्थ त्याच्यावर राहतो, आत जात नाही. सोनटक्काताई, तुम्हाला एकावर भागवायचंय तर डोळे मिटून कृत्रिम घ्या. हल्लीचे बरे कृत्रिम ब्रश पावडरही छान उचलतात, धुवायला सोपे पडतात आणि लवकर वाळतात.

'नैसर्गिक केस' लिहिलेलं खरं की खोटं हे बघायचं असेल तर गळलेला एक केस काडीनं जाळा. खरा असेल तर केस जळल्याचा घाण वास येतो आणि राख चुरगळते. नायलॉन असेल तर वितळून टोकाला कडक मणी होतो.

दुकानात काय बघायचं:

ब्रश मनगटाच्या आतल्या बाजूला उभा दाबा आणि गोल फिरवा. टोचला तर ठेवून द्या. चांगल्या धाग्याची टोकं निमुळती असतात, स्वस्तात सरळ कापून आकार देतात, ती कापलेली टोकं टोचतात. दाबून सोडल्यावर केस झटकन उभे राहिले पाहिजेत. बसूनच राहिले तर फाउंडेशन ओढणार, पसरवणार नाही. मग चिमटीत धरून हलकं ओढा. नवीन ब्रशचे एकदोन केस आले तर चालतं, पाचसहा आले तर नको.

शेवटी ती धातूची नळी, केस आणि दांडी जोडते ती. आम्ही फेरूल म्हणतो. तिच्यावर दाबून केलेल्या एकदोन खाचा असतात. खाचा स्पष्ट हव्यात, नळी दांडीवर फिरता कामा नये. नुसत्या गोंदावर बसवलेली असेल तर तुमच्या बेसिनमध्ये झालं तेच होणार.

सोनटक्का · १४ जुलै, १६:१०

पडद्यामागे, मोदक घ्या! मनगटाची युक्ती एकदम पटली. एक शंका: दुकानात 'काबुकी' नावाचा बुटका ब्रश पण दाखवतात. जपानी नाटकाचाच ना तो? मग तुमचाच असेल.

पडद्यामागे · १४ जुलै, १६:४१

नाव नाटकाचं, पण तो काही काबुकीवाले वापरत नाहीत. ते आधी मेणाचा थर चोळतात आणि वर ओशिरोई नावाचा पांढरा रंग रुंद चपट्या ब्रशानं ओढतात. बुटक्या गुबगुबीत ब्रशाला हे नाव विकणाऱ्यांनी चिकटवलं. पावडरीला छान आहे, पण दांडी नसल्यामुळे हात हलका ठेवता येत नाही. तुमच्यासाठी लांब दांडीचाच.

अवांतर: आमच्या कोकणातले दशावतारी अजूनही आपला चेहरा आपणच रंगवतात. आरशासमोर बसून सफेदा, पिवडी, काजळ. लहानपणी जत्रेत मागून बघायचो, तिथूनच ही खाज लागली.

साकुरा_वाटाणे · १४ जुलै, १९:२५

जपानात राहते म्हणून अवांतरात भर घालते. हिरोशिमाजवळ कुमानो म्हणून गाव आहे, ब्रश आणि कुंचले करणारं. जपानच्या ब्रशांतले बहुतेक तिथलेच. २०११ साली इथल्या महिला फुटबॉल संघानं विश्वचषक जिंकला तेव्हा सरकारनं सन्मानाबरोबर खेळाडूंना कुमानोचे मेकअप ब्रश भेट दिले होते. तिथले कारागीर केसांची टोकं कापत नाहीत. साच्यात केस रचूनच घुमट तयार करतात आणि उलटा पडलेला किंवा टोक मोडलेला केस वेचून काढतात. मी एक घेतलाय. गालाला लागतो तेव्हा लागतच नाही. किंमत नाही सांगत, नवरा पण इथला सभासद आहे.

टणक_पाणी_लातूर · १५ जुलै, ०९:०२

धागा वाचनखूण म्हणून साठवलाय. धुण्याचं कधी? आमच्याकडे बोअरचं पाणी. अंगाच्या साबणानं ब्रश धुतला की वाळल्यावर खरकटल्यासारखा होतो. ब्रशच खराब निघाला की काय?

पडद्यामागे · १५ जुलै, १०:१५

ब्रश चांगला आहे, पाणी जड आहे. जड पाण्यात साबण फाटतो आणि तो पांढरा साका केसांवर बसतो. शांपूचं तसं होत नाही. लहान मुलांचा किंवा कुठलाही साधा शांपू घ्या, कंडिशनरवाला नको. शेवटचं खळबळणं फिल्टरच्या तांब्याभर पाण्यानं करा.

आता पद्धत. वाटीत कोमट पाणी, कढत नाही, गोंद सुटतो. ब्रशचं तोंड कायम खाली. नुसती टोकं बुडवायची, पाणी नळीच्या आत जाता कामा नये. तळहातावर वाटाण्याएवढा शांपू घ्यायचा आणि ब्रश त्यात गोल गोल फिरवायचा, लोणी काढल्यासारखा हलका हात. पहिला फेस चहाच्या रंगाचा येईल. धुवा, पुन्हा शांपू. दुसरा फिकट येतो. तिसऱ्याला पांढरा आला की झालं. तळहाताच्या रेषांत रंग अडकतो तो बघूनच कळतं की आत किती साठलं होतं. ते सिलिकॉनचे खाचाखाचांचे पॅड मिळतात, हौस असेल तर घ्या, मी तळहातच वापरतो. स्टीलच्या गाळणीवर मात्र घासू नका.

मग चिमटीनं वरून खाली पाणी निथळायचं. पिळायचं नाही. घुमटाचा आकार बोटांनी परत द्यायचा आणि आडवा ठेवायचा, डोकं ओट्याच्या कडेबाहेर, म्हणजे सगळीकडून वारा लागेल. ओला ब्रश पेल्यात उभा ठेवला की पाणी नळीत उतरतं, गोंद कुजतो, आणि दोनचार महिन्यांत डोकं हातात. ड्रायर नको, कडक ऊन नको.

मंजिष्ठा · १५ जुलै, १०:५०

बकरीच्या केसांच्या ब्रशाला मी रिठ्याचं पाणी वापरते. भिजवून कुस्करून गाळलेलं. मऊ राहतात. पण न पुसला जाणारा, पाण्यात न जाणारा फाउंडेशन रिठ्यानं हलत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

पडद्यामागे · १५ जुलै, ११:०४

अनुमोदन. त्याला आधी तेल. दोन थेंब खोबरेल बोटावर घेऊन टोकांना चोळा, रंग सुटतो, मग भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मग शांपू. तेल नळीपर्यंत जाऊ देऊ नका. आणि थंडीत खोबरेल घेऊ नका. २४ अंशांच्या खाली ते थिजतं, पुण्यात जानेवारीत माझ्या एका ब्रशात थिजून बसलं होतं, मेणबत्ती झाली होती त्याची. तेव्हा गोडेतेल.

जिवाणूवाली · १५ जुलै, १३:३७

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे गप्प बसवत नाही. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठानं २०१९ मध्ये लोकांनी वापरलेली ४६७ प्रसाधनं तपासली. लिपस्टिक, आयलायनर, मस्कारा, लिपग्लॉस आणि फाउंडेशनचे स्पंज. दहातल्या नऊमध्ये जिवाणू सापडले. सगळ्यात वाईट ते ओले स्पंज: ९३ टक्के कधीच धुतले नव्हते, ६४ टक्के जमिनीवर पडूनही तसेच वापरात होते. त्यात ब्रश नव्हते, पण ओल, तेल आणि मेलेली त्वचा हे जिथे एकत्र तिथे तेच. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना ब्रश ७ ते १० दिवसांनी धुवायला सांगते. रोज मेकअप करत असाल तर हे मनावर घ्या. सणावारीच करत असाल तर प्रत्येक वापरानंतर धुवा, कारण तुमचा ब्रश पुढच्या सणापर्यंत तसाच डब्यात बंद राहणार.

आणि ब्रश कुणालाही उसना देऊ नका. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी-पुण्याकडे डोळे येण्याची साथ होती ती आठवते ना? डोळ्यांजवळ फिरलेली वस्तू वाटून घेणं म्हणजे साथीला आवतण.

झाकली_मूठ · १५ जुलै, १३:५२

सॅनिटायझर फवारला तर?

जिवाणूवाली · १५ जुलै, १४:२०

घाईत ७० टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल चालतं. ९९ टक्क्यांचं जास्त चांगलं असं वाटतं ना? उलट आहे. थोडं पाणी असेल तर अल्कोहोल जिवाणूच्या आत नीट पोचतं आणि उडून जायला वेळ लागतो. पण फवारा म्हणजे धुणं नाही. रंग आणि तेल तसंच राहतं. हातांच्या जेल सॅनिटायझरनं ब्रश चिकट होईल, ते नको.

सोनटक्का · २२ जुलै, २०:४०

अपडेट. शनिवारी तुळशीबागेत गेले. पाऊस, छत्री, एका हातात पर्स, आणि मी मनगटावर ब्रश फिरवत उभी. दुकानदार म्हणाले, "ताई, तोंडाला लावायचाय ना?" पाच बघितले. तीन टोचले, एकाची नळी फिरली, पाचवा घेतला. कृत्रिम, घुमट, ३८० रुपये. घासाघीस केली नाही, मनगट दाखवून आधीच शोभा झाली होती.

घरी लावून बघितलं. फाउंडेशन छान बसलं, पण त्याच ब्रशानं पावडरचा ब्लश लावला तर गालावर पोपडे आल्यासारखे डाग. आणि ब्लशच्या डबीत वर कडक पापुद्रा धरलाय. काय चुकलं?

कोथिंबीरवडी · २२ जुलै, २०:५५

ओल्या ब्रशानं कोरडी पावडर उचललीस. मी क्रीमचाच ब्लश वापरते म्हणून मला हे कधी जाणवलंच नाही, सॉरी गं. पापुद्र्यावर सेलोटेप दाबून उचल, निघेल.

पडद्यामागे · २२ जुलै, २१:३०

इथे मला माझाच सल्ला थोडा बदलावा लागतो. एका वेळी एका ब्रशाकडून एकाच जातीचं काम होतं: ओलं किंवा कोरडं. मधे कोरड्या नॅपकिनवर चांगला आठदहा वेळा पुसला तर क्रीमवरून क्रीमवर जाता येतं. ओल्यावरून पावडरीवर नाही. म्हणून दोन उपाय. एक, सगळंच क्रीमचं घ्या आणि शेवटची पावडर पफनं दाबा. दोन, हाच ब्रश अजून एक घ्या. अगदी हाच. वेगवेगळ्या आकारांचे २४ घेण्यापेक्षा एकाच आकाराचे दोन बरे, हाताला एकच वजन ठाऊक होतं. ओल्याच्या दांडीवर नेलपेंटचा लाल ठिपका द्या, गडबडीत उलटसुलट होत नाही.

लावण्याबद्दल. फाउंडेशन चेहऱ्यावर थेट ओतू नका. हाताच्या पाठीवर एक थेंब घ्या, ब्रशाची टोकं त्यात टेकवा. नाकाच्या बाजूपासून सुरू करून कानाकडे. ब्रश नळीजवळ धरला की दाब वाढतो, शेपटाकडे धरला की हात हलका पडतो. फाउंडेशनला जवळ, ब्लशला लांब. आधी नुसतं टेकवत जायचं, ठसे उमटवल्यासारखं, मग छोटे गोल. लांब फराटे मारू नका, आधीचा थर उचलला जातो आणि रेघा दिसतात. शेवटचा हात वरून खाली, म्हणजे गालावरची लव बसते.

चाळिशी-पन्नाशीत आणखी एक. हसल्यावर ओठांच्या बाजूला ज्या रेषा पडतात तिथे ब्रशात उरलेलं तेवढंच लावा, नवीन थेंब नको. पावडरही तिथे नको. लग्नाच्या हॉलमध्ये तासाभरात तिथेच चुना फुटल्यासारखं दिसतं.

मंजिष्ठा · २२ जुलै, २१:४६

सनस्क्रीन मात्र ब्रशानं लावू नकोस. बाटलीवरचा एसपीएफ (ऊन अडवण्याचा आकडा) मोजतात तो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या हिशोबानं. ब्रशात निम्मं राहिलं तर तोंडावर काय उरणार? ते हातानंच, आणि मुरल्यावर ब्रश.

सोनटक्का · ११ ऑगस्ट, १०:१५

दुसरा आणला. लाल ठिपका दिला. आणि कबुली द्यायला आलेय: परवा लाल ठिपक्याचा धुतला आणि सवयीनं टूथब्रशांच्या पेल्यात उभा ठेवला. तीन दिवस संततधार. आज वास घेतला तर न वाळलेल्या मोज्यांचा! कोरड्या ब्रशाची कहाणी वेगळीच. तो शोधत होते तर देवघरात सापडला. सासूबाई म्हणाल्या, "मऊ आहे गं, बाळकृष्णाच्या मुकुटातली धूळ बरोबर निघते." आता देवाकडून परत कसा मागायचा?

जिवाणूवाली · ११ ऑगस्ट, १०:४०

वासाचा पुन्हा धुवा, मग ७० टक्केवालं फवारा, मग पंख्याखाली टॉवेलवर आडवा. केसांच्या मुळाशी काळे-हिरवे ठिपके दिसत असतील तर नाद सोडा, टाकून द्या. पावसाळ्यात रात्री धुवून सकाळी वापरता येईल असं धरू नका, पूर्ण दिवस द्या. मुळाशी चिमटीनं दाबून थंड लागलं तर आत ओल आहे. आणि वाळल्यावर लगेच बंद डब्यात घालू नका.

झाकली_मूठ · ११ ऑगस्ट, १०:४४

देवाचा देवालाच राहू द्या, तिसरा घ्या. २४ च्या संचाकडेच वाटचाल चाललीय तुमची.

सोनटक्का · १६ डिसेंबर, २२:१८

लग्न झालं! वास गेला होता, ठिपके नव्हते, म्हणून ओला ब्रश वाचला. कोरडा तिसरा घेतला, बाळकृष्ण खूश.

गंमत सांगते. हॉलवर मेकअपवाली बोलावली होती. वरमायेपासून करवलीपर्यंत रांग, आणि तिच्या हातात एकच ब्रश. एकीचा झाला की दुसरीला. मधे पुसणं नाही, काही नाही. माझ्या आधीच्या काकूंचे डोळे जरा लालच होते. माझा नंबर आला तेव्हा पर्समधून दोन्ही ब्रश काढून तिच्या हातात दिले. "मला यांनी कराल का?" आधी कपाळाला आठी. मग तिनं लाल ठिपका बघितला, ब्रश मनगटावर फिरवला आणि म्हणाली, "हा ओल्याचा का? कुठून घेतलात?" माझ्यानंतर भाचीनंही स्वतःचाच काढून दिला.

फोटोत तोंडाच्या बाजूला चुना फुटलेला नाही. पडद्यामागे, तुम्हाला लाडू पोचलेत असं समजा.

पडद्यामागे · १७ डिसेंबर, ००:५०

प्रयोग संपवून आत्ता वाचलं. लाडू पोचले. त्या २४ च्या संचाचं काय केलंत?

सोनटक्का · १७ डिसेंबर, ०८:०५

तेवीस टाकले. तो तुपाच्या ब्रशासारखा होता तो न वापरलेला, तो धुवून आप्पेपात्राला तेल लावायला घेतलाय.

कोथिंबीरवडी · १७ डिसेंबर, ०८:११

अगं, आप्प्यात केस!

पडद्यामागे · १७ डिसेंबर, ०९:३०

आणि गरम पात्रात नायलॉन वितळेल. काडीच्या परीक्षेतला मणी आठवा.

सोनटक्का · १७ डिसेंबर, ०९:४२

पात्र गार असतानाच लावते. आणि केस एकही गळला नाही हो, अख्ख्या संचात तेवढाच एक धड निघाला.